पहिली साठ पानं

माझी कादंबरी नाकारायला हा माणूस स्वतः आमच्या घरी आला होता.

वामनकाका काल गेले. मुलुंडचे, छापखानावाले. नव्वदी ओलांडली होती. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

आजच्या मित्रमंडळींना ते माहीत नसणार, म्हणून हे लिहितेय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी विक्रोळीला एका कंपनीत टायपिस्ट, राहायला नाहूरला, आणि उरलेल्या वेळात कादंबरीकार.

दोन मोठ्या प्रकाशकांकडून हस्तलिखित परत आलं होतं. सोबत छापील चिठ्ठी, "साभार परत". नावाची जागा तशीच रिकामी.

लागलं होतं ते, खोटं कशाला बोलू. नळ सोडून मोरीत रडले होते.

मग ऑफिसातल्या मैत्रिणीने वामनकाकांचं नाव सांगितलं. लग्नपत्रिका आणि सोसायट्यांची पावतीपुस्तकं छापायचे, आणि वर्षाला एखाददुसरं पुस्तक हौसेने काढायचे.

मी जाऊन हस्तलिखित देऊन आले. एवढासा छापखाना, हे तर घेतीलच, असा माझा तोरा.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, दारात सायकल. कॅरियरला माझं हस्तलिखित, पंच्यात गुंडाळलेलं.

"नाही छापत," बसायच्या आधीच म्हणाले. "पण कुणाचं लिखाण पोस्टाने परत पाठवणं मला जमत नाही. म्हणून आलो."

आई आमची मालवणची, ती कप घेऊन बाहेर आली. "नाकारूक इलात म्हणान काय झाला? चाय घेवन जावा."

चहा घेतला. दोन घावणेही खाल्ले. आणि मग सांगितलं, का नाही ते.

"पहिली साठ पानं तू लेखिका आहेस हे पटवण्यात गेलीत. एकसष्टाव्या पानावर तुझी नायिका, ती मावशी, डबा घेऊन कारखान्यात निघते. तिथे गोष्ट सुरू होते."

जाताना ती साठ पानं काढून घेतली. म्हणाले, माझ्याकडे राहू देत, नाहीतर तू परत आत घुसवशील.

मला इतका राग आला की चार दिवस कागदाला हात लावला नाही. पाचव्या दिवशी एकसष्टावं पान उघडलं.

बरोबर बोलला होता माणूस. त्याचा आणखी राग आला.

वर्षभर पुन्हा लिहिलं. नवीन मसुदा काकांना दिला, आणि गुपचूप तिसऱ्या एका मोठ्या प्रकाशकालाही पाठवला. हो, केली लबाडी.

काका म्हणाले, आता छापतो. आणि त्याच आठवड्यात तिकडूनही होकार आला.

तिकडची एकच अट होती. शेवटी मावशीने नवऱ्याकडे परत जायचं.

पत्र घेऊन छापखान्यात गेले. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. लबाडीबद्दल चकार शब्द नाही.

"तिकडे जा," म्हणाले. "माझी पुस्तकं ठाण्याच्या पुढे जात नाहीत."

"आणि शेवट?"

"शेवट तुझा आहे, बाय. मी फक्त सुरुवात नाकारली होती."

दोन दिवस डोक्याला भुंगा. मोठं नाव, प्रत्येक लायब्ररीत आपलं पुस्तक, कोणाला नको असतं यार?

पण मावशीला मी नाहूरला तिची स्वतःची खोली मिळवून दिली होती. तिला तिथून उठवून परत पाठवणं मला जमेना.

तिकडे 'नको' म्हणून कळवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणालातरी साभार परत केलं. झकास वाटलं.

काकांकडे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, इतकीच होती की एका वेळी आठ पानं जुळायची. ती छापली की खिळे सोडवायचे आणि त्याच खिळ्यांनी पुढची आठ. मागे फिरायची सोय नाही.

सात महिने लागले. कंपनी सुटली की मी मुलुंडला जाऊन प्रूफं वाचायची.

एका संध्याकाळी काका अगदी गप्प होते. बरं नाही का, विचारलं. म्हणाले, "काही नाही. तू पुढचं वाच."

पुस्तक आलं. ठाण्याच्या पुढे खरंच फारसं गेलं नाही. पण मुलुंडच्या एका बाईंनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, तुमच्या मावशी आता कशा आहेत? अजून काय पाहिजे?

पुढची सगळी पुस्तकंही छोट्या प्रकाशकांकडेच केली. नकार नंतरही आले, पण मोरीत जाऊन रडायची वेळ आली नाही. पान एकसष्ट शोधायची सवय लागली होती.

आज सकाळी काकांच्या घरी गेले. त्यांच्या लेकीने एक पुडकं हातात दिलं. बाबांनी तुमच्यासाठी ठेवलं होतं, म्हणाली.

पंच्यात गुंडाळलेली साठ पानं. वर त्यांच्या अक्षरात, "साभार परत".

तिथेच बसून वाचली. भयंकर आहेत. मला वाचताना हसू आवरेना, सुतकाच्या घरात.

त्रेचाळिसाव्या पानावर मावशी पहिल्यांदा मुंबईत उतरते आणि फलाटावर बसूनच राहते. तिला वाटतं, आता कुठे जायचं ते कोणीतरी येऊन सांगेल.

शेजारी पेन्सिलीने लिहिलंय:

"हे राहायला हवं होतं. लक्षात आलं तेव्हा सुरुवातीचे खिळे सोडवून झाले होते. माझी चूक."

तेव्हा मात्र रडले. त्यांच्या लेकीने चहा आणला, तोही घेतला.

काका, पानं पोचली. एवढी एक चूक चालेल.

सावकाश जा. नमस्कार.