सेनारीचं हसू

चिखलीत साने चौकाजवळ युनूस शिकलगार यांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्यांची थोरली मुलगी सादिका चाकणच्या एका कंपनीत तपासणीच्या कामाला. गाड्यांच्या आत बसणाऱ्या वायरींच्या जुड्या तिच्यासमोरून सरकत जायच्या आणि ती एकेक जोड दाबून बघायची. हात कामात असायचे, डोकं मात्र भलत्याच मुलखात. तिथं तरंगते किल्ले होते, शाप लागलेल्या तलवारी होत्या आणि सख्खे भाऊ एकमेकांना दगा देत होते.

हे वेड शाळेपासूनचं. दुपारी दप्तर टाकलं की टीव्हीसमोर बसायचं आणि जपानी कार्टून बघायचं. वर्गातल्या बाकीच्या मुलींचं ते खूळ आठवी-नववीत उतरलं, हिचं चढत गेलं. सबटायटल वाचून वाचून इंग्रजी सुधारलं, मग जाडजूड जादूच्या कादंबऱ्या आल्या, मग भाऊ अरबाजच्या कॉम्प्युटरवरचे गेम. तिशी जवळ आली तरी काही कमी होईना. अम्मी कपाळाला हात लावायची. कंपनीत तिला 'कार्टूनवाली' म्हणायचे. सादिका हसून सोडून द्यायची. एवढी मोठी दौलत आपल्या एकटीकडे आहे, ह्याची तिला मनातून मिजासच होती.

तिनं ती दौलत वाटून घेतली फक्त प्राजक्ताशी. प्राजक्ता त्याच कंपनीत स्टोअरला होती. आकुर्डीला कंपनीच्या बसमध्ये चढायची आणि चिखलीपर्यंत शेजारची सीट अडवून ठेवायची. तळवड्याच्या चौकात बस हमखास अडकायची, मोबाइल बघून बघून कंटाळा यायचा. अशाच एका सकाळी सादिकानं तिला 'राखेचं सिंहासन' नावाच्या जपानी मालिकेची गोष्ट सांगायला घेतली, आणि मग ती रोजचीच झाली.

त्या मालिकेत सेनारी नावाची एक राजकन्या आहे. गादी तिची, पण धाकट्या भावानं बळकावलेली. भर दरबारात सेनापती तिचा पाणउतारा करतो, तो प्रसंग सादिकाच्या विशेष आवडीचा. तिथं आली की ती बसमध्येच मान ताठ करायची, क्षणभर थांबायची, आणि आधी बारीक खोकला आल्यासारखं करून मग नाकातल्या नाकात हसायची. प्राजक्ताच्या अंगावर काटा यायचा. "परत कर ना," म्हणायची.

मूळ मालिकेत सेनारी तिथं हसत नाही. नुसती गप्प उभी राहते. हसू सादिकाचं होतं. सांगता सांगता आपोआप आलं आणि मग तिथंच राहिलं. हे तिनं प्राजक्ताला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं तिला तेव्हा वाटलंच नव्हतं.

पुढं ती मालिका मराठीत येणार, आवाज हवे आहेत, अशी जाहिरात सादिकाला मोबाइलवर दिसली. तिनं कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून, अंगावर गोधडी घेऊन आपला आवाज रेकॉर्ड केला. बाहेरून अब्बांनी विचारलं, "बेटा, तबीयत ठीक आहे ना?" मग गंमत म्हणून तिनं ती जाहिरात प्राजक्तालाही पाठवली. "तूपण पाठव गं. मजा येईल."

निवड प्राजक्ताची झाली. तीही सेनारीसाठी.

बातमी प्राजक्तानं बसमध्येच दिली, सादिकाच्या गळ्यात पडून. "तुझ्यामुळं झालं गं सगळं!" सादिकाही हसली, अभिनंदन केलं, पेढे कधी म्हणून विचारलं. आतून मात्र कुणी मिरची वाटून फासावी तसं झालं होतं. दिवसभर ती कारणं शोधत राहिली. नाव बघून तर नाही ना डावललं? पण आवाजाबरोबर नाव पाठवायचंच नव्हतं, नुसता नंबर होता. म्हणजे रुसायला तेवढीही जागा नाही. ऐकणाऱ्यानं दोन्ही आवाज ऐकले आणि त्याला तो जास्त आवडला, बस.

त्यानंतर बसमधली गोष्ट बंद पडली. "डोकं दुखतंय," सादिका म्हणायची आणि खिडकीकडे तोंड करायची. प्राजक्ता सुट्ट्या जोडून मुंबईला जायची, परत आली की स्टुडिओचं कौतुक सांगायची. एकदा तिनं विचारलं, "शेवटच्या युद्धात सेनारी भावाला माफ करते, तेव्हा तिच्या मनात काय असेल गं? मला धरताच येत नाहीये."

सादिकाला ते पाठ होतं. त्या एका प्रसंगावर तिनं कितीतरी संध्याकाळी अरबाजचं डोकं खाल्लं होतं.

"काय माहीत," ती म्हणाली. "तुला जमेल तसं कर."

मालिका आली. सादिकानं ठरवलं होतं, बघायची नाही. पहिल्याच दिवशी बघितली. दरबाराचा प्रसंग आला. सेनापती बोलला. सेनारीनं मान ताठ केली, आणि प्राजक्ताच्या आवाजात आधी बारीक खोकला, मग नाकातल्या नाकात हसू.

सादिकानं ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या शोकेसमध्ये दिसावी तसं ती बघत राहिली. वर जगाला ते भलतंच आवडलं. पोरं त्या हसण्याचे व्हिडिओ करायला लागली. कंपनीच्या कँटीनमध्ये, जिथं तिला कार्टूनवाली म्हणायचे, तिथंच लोक प्राजक्ताच्या टेबलाभोवती गोळा होऊन म्हणायचे, "ते करून दाखवा ना मॅडम, हसायचं!"

आकुर्डीच्या एका कॉलेजात ह्या वेडातल्या पोरांनी मेळावा भरवला. पुठ्ठ्याच्या तलवारी, रंगीत केसांचे टोप, कुणी शेपटी लावलेलं. प्राजक्ता पाहुणी म्हणून व्यासपीठावर होती. तिनं आग्रह केला म्हणून सादिका गेली आणि मागच्या रांगेत बसली. इतकी माणसं आपल्यासारखी आहेत, आपल्याच गावात आहेत, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. एरवी ती आनंदानं वेडी झाली असती.

समोरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅम, ते हसू जपानी मालिकेत नाहीये. तुम्हाला कसं सुचलं?"

प्राजक्ता गोंधळली. "नाहीये?" ती म्हणाली. मग टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या, आणि ती लाजून म्हणाली, "असंच. सुचलं."

कार्यक्रम संपल्यावर सादिकानं तिला पार्किंगमध्ये गाठलं.

"सुचलं?"

"अगं सादिका, आईशप्पथ, मला वाटलं मुळातच आहे. तू सांगायचीस तसंच मी केलं. मी जपानी कुठं बघितलंय नीट! स्टुडिओत नुसते तुकडे दाखवतात, तेही आवाज बंद करून."

"बघितलं नाहीस तू?" सादिकाला हे जास्त लागलं. "एवढं नाव मिळालं, आणि बघितलंसुद्धा नाहीस?"

"मला गोष्ट तुझ्याच तोंडून आवडायची," प्राजक्ता म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी सांगते सगळ्यांना. आत्ता मोबाइलवर टाकते, हे माझ्या मैत्रिणीचं आहे म्हणून."

"नको."

"का?"

का ते सादिकाला नीट सांगता येईना. उपकार म्हणून परत मिळालेली वस्तू तिला नको होती. आणि प्राजक्ता खोटं बोलत नव्हती, हे दिसत होतं. त्यामुळं रागालाही धड आधार उरला नव्हता. "राहू दे," म्हणून ती रिक्षात बसली.

बोलणं तुटलं नाही, पण पूर्वीचं राहिलं नाही. पुढं प्राजक्तानं नोकरी सोडली आणि ती ठाण्याला राहायला गेली. तिथूनच तिनं एक दिवस नव्या मालिकेच्या आवाजांची माहिती पाठवली. खाली एवढंच, "ह्या वेळी ये." सादिकानं दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सुट्टी टाकली.

मुंबईच्या स्टुडिओत धनेश नावाचे दिग्दर्शक होते. कानाला हेडफोन लावून सादिका काचेच्या खोलीत उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की हे काम कपाटात डोकं खुपसून करण्यासारखं नाही. पडद्यावरचं तोंड मिटलं तरी हिचं वाक्य चालूच. तीन वाक्यांत घसा कोरडा पडला. प्राजक्तानं हे महिनोन्महिने केलं, हा विचार मनात आला आणि तिला तो मुळीच आवडला नाही.

काचेपलीकडून धनेश म्हणाले, "सादिका, इथं एक काम करा. प्राजक्ताचं ते हसणं ऐकलंय ना तुम्ही? आधी खोकल्यासारखं? तसं काहीतरी द्या."

तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. सांगून टाकावं, की साहेब, ते माझं आहे. शब्द ओठांवर आले होते.

"ते नको सर," ती म्हणाली. "ते तिचं झालंय आता."

बोलली आणि तिलाच वाईट वाटलं. इतकं मोठं मन आपलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मग दुसरं काय देता?"

पात्र होतं नदीपार नेणाऱ्या म्हाताऱ्या नावाडणीचं. सादिकाला तिची नजमा फुफी आठवली, अब्बांची अंबाजोगाईची बहीण. सगळ्यांना धाक घालणारी, पुढचे दात पडलेली, शब्द ओढून ओढून बोलणारी. डोळे मिटून तिनं फुफीला बोलू दिलं. "का करलालीस गं इथं? कुणाची हायस तू?" काचेपलीकडं धनेश आधी दचकले, मग खुर्चीत मागं रेलून हसत सुटले.

भूमिका तिला मिळाली. छोटीच, चार-दोन भागांपुरती. नोकरी सोडण्याजोगं काही नव्हतं, चाकणची रोजची बस काही सुटली नाही. पण नावाडीण प्रेक्षकांना आवडली. अब्बा गॅरेजमध्ये आलेल्या गिऱ्हाइकांची गाडी खोलून ठेवायचे आणि त्यांना मोबाइलवर तिचा तुकडा पूर्ण ऐकवल्याशिवाय पाना हातात घ्यायचे नाहीत. फुफीनं फोन करून विचारलं, "ही बाई आपल्याकडची हाय का गं?"

मग प्राजक्ताचा फोन आला. खूप कौतुक केलं तिनं.

"एक सांगू? ती म्हातारी मला करायची होती. मी धनेश सरांना मागितलीही होती. ते म्हणाले, तुला जमणार नाही. तुझं ऐकलं आणि... काय सांगू. दोन दिवस जेवण गेलं नाही गं मला."

"वेडीच आहेस," सादिका म्हणाली. "अगं, एवढीशी तर भूमिका आहे."

ती पलंगावर पाय पसरून बसली, उशी पाठीशी घेतली आणि तिनं मैत्रिणीची समजूत घालायला सुरुवात केली. अतिशय गोड आवाजात, सावकाश, काडीचीही घाई न करता.