तिसऱ्या कडव्यात बाबा जातात

आमच्या गायिकेनं स्वतःच्या वडिलांना मारलं तेव्हा मी काचेपलीकडच्या खोलीत बसून कहॉन वाजवत होतो. कहॉन म्हणजे ज्या खोक्यावर बसायचं तेच खोकं बडवायचं. वीस वर्षं ढोलकी घोटल्यावर माणूस इथवर प्रगती करेल, असं माझ्या गुरुजींच्या स्वप्नातही आलं नसेल. तर तिसऱ्या कडव्यात वडील गेले. खरे वडील त्या वेळी जिन्याखाली उभे होते. रिक्षा गेटाच्या आत का आणली नाहीस यावरून ते रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होते आणि त्यांच्या हातात आम्हा सगळ्यांसाठी इडल्या होत्या.

आमची गायिका स्वतः लिहिते, स्वतः चाल लावते, स्वतः गाते. म्हणजे गाणं फसलं तर दोष द्यायला दुसरं कोणी उरत नाही. ही अडचण तिनं चार माणसं बाळगून सोडवली आहे. मी, गिटारवाला, बासरीवाला आणि साऊंडवाला. साऊंडवाला दिवाळे गावच्या कोळीवाड्यातला, पन्नाशीला आलेला. घरची होडी भावावर सोडून हा वायरी गुंडाळत गावोगाव फिरतो आणि भाऊ आपल्यापेक्षा सुखात आहे हे दर आठवड्याला एकदा सांगतो.

आमचा स्टुडिओ महाप्याच्या इंडस्ट्रियल एरियात, एका गाळ्याच्या माळ्यावर. खाली रबराचे वॉशर बनतात. प्रेस दर अर्ध्या मिनिटाला आदळतो आणि भिंतीला कितीही फोम चिकटवला तरी तो माईकमध्ये येतोच. त्यामुळे खालच्या कामगारांची चहाची सुट्टी झाली की आम्ही रेकॉर्डिंग करतो. आमच्या पहिल्या अल्बममधली विरहाची गाणी नेमकी एका चहाएवढी का आहेत, यावर एका समीक्षकानं बराच विचार केला होता. आम्ही त्याला काही सांगितलं नाही.

त्या गाण्यात पहिल्या कडव्यात बाबा सेकंड शिफ्ट करून कंपनीच्या बसमधून कोपऱ्यावर उतरतात. दुसऱ्यात आईची झोप मोडू नये म्हणून स्वतःचा डबा स्वतः धुतात. तिसऱ्यात रिटायर होऊन बाल्कनीत खुर्ची टाकून पेपर वाचत बसतात. साऊंडवाल्यानं ऐकलं आणि हेडफोन काढला.

"ताई, गानं बसलंय. पन शेवटाला कायच होत नाय."

ताईनं दोन मिनिटं विचार केला. खाली चहा संपत आला होता, त्यामुळे फार विचार करायला वावही नव्हता. तिनं एक ओळ बदलली. बाल्कनी तशीच ठेवली, खुर्ची तशीच, घडी घातलेला पेपरसुद्धा तसाच. माणूस तेवढा उचलला. आम्ही पहिल्याच टेकला ते गाणं पकडलं आणि वाजवताना माझ्याही अंगावर काटा आला, हे कबूल करायला हवं.

"हे कवितेतले बाबा आहेत," ती नंतर म्हणाली. कवितेतल्या बाबांनाही सेकंड शिफ्ट होती, त्यांचाही डबा तीन पुडांचा होता आणि तेही दार उघडण्याआधी दोनदा खाकरायचे. तेवढ्यात खरे बाबा दोनदा खाकरून आत आले. आम्ही माना खाली घालून इडल्या खाल्ल्या. बाबांना नंतर सांगू, असं ठरलं. आमच्या धंद्यात 'नंतर' हा फार मोठा कालखंड असतो.

काका, म्हणजे हे खरे बाबा, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत प्रोडक्शन प्लॅनिंगला होते. रिटायर झाल्यावर वर्षभर त्यांनी कोपरखैरण्याच्या सोसायटीचं प्लॅनिंग केलं. सोसायटी कंटाळली तेव्हा ते आमच्याकडे वळले. घाटातून रात्रीबेरात्री पोरीला कोण आणणार, म्हणून टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये ड्रायव्हरच्या शेजारची सीट त्यांनी घेतली ती घेतलीच. टायरची हवा, पाण्याचे कॅन, वायरींची बॅग सगळं त्यांच्याकडे. प्रत्येक कार्यक्रमाची गाण्यांची यादीही तेच लिहायचे, जाड मार्करनं, मोठ्या सुबक अक्षरात, आणि प्रत्येकाच्या पायाशी चिकटवून ठेवायचे. आम्ही त्या यादीवर चहाचे पेले ठेवायचो.

गाण्यापुरतं होतं तोवर ठीक होतं. पण सांगलीला गाण्याआधी बोलताना ताईच्या तोंडून निघून गेलं, "आज बाबा असते तर…" असते तर पुढे काय, हे तिलाही माहीत नव्हतं. ती थांबली. सभागृह थांबलं. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी रुमालासाठी पर्स उघडली, तो चेनचा आवाज मला स्टेजवर ऐकू आला. गाणं संपल्यावर लोक उभे राहिले.

चूक एकदा टाळी घेऊन गेली की आमच्याकडे तिची तालीम होते. पुढच्या आठवड्यात महाप्याला बसून आम्ही ती चूक पक्की केली. 'असते तर' झालं की ताईचा गळा सहा मात्रा भरून येणार, मी खाली घुंगरू हलवत राहणार आणि सातव्या मात्रेला बासरी. गळा आठ मात्रा भरून आला तर बासरीवाला वैतागायचा. नाशिकला बाबांना किडनीचा आजार मिळाला. सोलापूरला हॉस्पिटलची खिडकी आली. कार्यक्रमानंतर लोक ताईचे हात हातात घेऊन सांत्वन करायचे आणि चार पावलांवर काका पाण्याचे कॅन मोजत उभे असायचे.

म्हणून मग काकांना त्या गाण्याच्या वेळी सभागृहाबाहेर घालवणं हे साऊंडवाल्याचं काम झालं. आधीचं गाणं संपत आलं की तो म्हणायचा, "काका, गारीत माजा अडाप्टर रायलाय, आनता का जरा?" काका बाजूच्या दारानं गाडीकडे निघून जायचे. गाणं संपलं की अडाप्टर घेऊन परत. चाळीसेक कार्यक्रमांत त्या अडाप्टरला कधी वीज दिसली नाही. त्यांना कळलं तर काय होईल, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. चिडून घरी जातील, नाहीतर काही न बोलता इडल्या आणत राहतील. मला दुसऱ्याची जास्त भीती वाटायची.

आणि मग वाशीचा कार्यक्रम ठरला. रविवारी दुपारी साडेचारचा, घरच्या मैदानावर. आत्या येणार, मावश्या येणार, सोसायटीतले दोन मजले येणार. म्हणजे काका जिवंत असल्याचे जवळजवळ साठ साक्षीदार. साऊंडचेकच्या वेळी ताईनं पायाशी चिकटवलेल्या यादीवर वाकून मध्यंतराआधीचं गाणं पेननं खोडलं.

काका विंगेतून बघत होते. "ते का काढलंस?"

"वेळ नाही पुरणार, बाबा."

"पुरतो की. गाणं सहा चाळीस. बोलण्यासकट अकरा मिनिटं."

गिटारवाला तारा जुळवायचा थांबला. बोलण्यासकट. साऊंडवाल्यानं सगळे आवाज खाली ओढले, जसं काही त्यानं ऐकू येणं बंद होणार होतं.

"सोलापूरला साडेबारा झाली होती," काका म्हणाले. "तिथं तू जास्त रडलीस."

ताईच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मी खोक्यावरून उठायला हवं होतं, पण उठलो तर खोकं वाजेल म्हणून बसून राहिलो.

"बाबा, मी सांगणार होते…"

"अगं, वायरींची बॅग मी भरतो. अडाप्टर कुठे असतो ते मला माहीत नाही?" काकांचा आवाज चढला नाही, हे सगळ्यात वाईट होतं. "सांगलीला कळलं. राग आला. गाडीत जाऊन बसलो. नाशिकला म्हटलं, गेल्यावर आपल्याबद्दल काय बोलतात ते ऐकू तर खरं. कोणाला मिळतं ऐकायला? तेव्हापासून बाजूच्या दाराआड उभा असतो." त्यांनी पायाशी सुटलेली एक वायर गुंडाळायला घेतली. "सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी तुझा व्हिडिओ बघून मला भावपूर्ण श्रद्धांजली टाकली. मी थँक्यू लिहिलं आणि शुक्रवारी टाकी धुणार आहेत तेही टाकलं."

कोणी हसलं नाही. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आलं तर कसं दिसेल या काळजीत मी होतो.

"तो डबा धुताना मी नळ बारीक सोडायचो, हे तुला ऐकू यायचं, हे मला त्या गाण्यातून कळलं," काका म्हणाले. "तू झोपलेली असायचीस असं मला वाटायचं. घरी मी कंपनीचा विषय काढला की तू म्हणतेस, बाबा, एक मिनिट, मेल पाठवते. मग ते मिनिट संपत नाही. तिथे अकरा मिनिटं माझ्याबद्दल बोलतेस. यादीत ठेव. फक्त आजार बदल. किडनी चांगली आहे माझी, रिपोर्ट आहेत घरी. हार्ट चालेल."

एवढं बोलून ते पाण्याचे कॅन बघायला गेले. ताई स्टेजच्या कडेला बसली आणि तिनं खोडलेलं गाणं त्याच पेननं, त्यांच्या अक्षराच्या शेजारी, स्वतःच्या गिचमिड अक्षरात परत लिहिलं.

मला तिचा राग येत होता आणि हेवाही वाटत होता. माझे वडील एपीएमसी मार्केटात माथाडी होते. कांद्याची पोती वाहून त्यांचा एक खांदा खाली आला होता. ते खरोखर गेले, आणि त्यांच्यावर मी आजवर एक ओळही केलेली नाही. ते होते तेव्हा त्यांना कधी वाजवूनही दाखवलं नव्हतं. ताईनं निदान खोटं बोलून का होईना, सांगितलं होतं.

साडेचारला पडदा उघडला. मध्यंतराआधीच्या गाण्याला ताई माईकपाशी आली. मी घुंगरू उचललं. आज आजार नाही, खिडकी नाही, एवढं तिनं आम्हाला सांगून ठेवलं होतं. पुढे काय, ते माहीत नव्हतं.

"हे गाणं मी बाबांवर लिहिलंय," ती म्हणाली. "आणि सगळीकडे मी सांगत आले की ते नाहीत. ते आहेत. त्या दाराआड उभे असतात. दर वेळी."

सगळ्या सभागृहानं बाजूच्या दाराकडे मान वळवली. दारात कोणी नव्हतं. कोणीतरी उठून पडदा सरकवला. पडद्यामागेही कोणी नव्हतं. मी मागे साऊंडवाल्याकडे बघितलं. त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. चाळीस कार्यक्रमांची सवय. आधीचं गाणं संपता संपता त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं होतं, "काका, गारीत माजा अडाप्टर रायलाय…" आणि काका या वेळी दाराआड थांबले नव्हते, खरंच गेले होते. नातेवाइकांसमोर पोरीला आपण नको आहोत, असं त्यांनी धरून घेतलं होतं.

पहिल्या रांगेतल्या एका अनोळखी आजींनी रिकाम्या दाराकडे बघून हात जोडले. त्यांचं बघून मागच्यांनी जोडले. सोसायटीचे दोन मजले गोंधळून एकमेकांकडे बघायला लागले. ताईचा गळा भरून आला, सहा मात्रा, आठ, बारा. बासरीवाला वैतागला नाही. मी घुंगरू हलवत राहिलो. मग ती गायली. तिसरं कडवं तिनं त्या रिकाम्या दाराकडे बघत म्हटलं आणि तिचा आवाज पहिल्यांदा खरोखर फाटला. टाळ्या थांबेनात. इतक्या टाळ्या मला कधी नकोशा झाल्या नव्हत्या.

मध्यंतराचा पडदा पुरता पडायच्या आत ती मागच्या जिन्यानं पार्किंगमध्ये धावली. मी तिच्या मागे. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. काका टेम्पो ट्रॅव्हलरच्या पुढच्या सीटवर बसले होते, मांडीवर अडाप्टर.

"हा घे," ते खिडकीतून म्हणाले. "झालं गाणं?"

"बाबा, तुम्हाला मी नव्हतं पाठवलं."

"अगं, ठीक आहे. सगळे आलेत, तुला अवघड वाटलं असेल."

"मी सांगितलं सगळ्यांना. बाबा आहेत म्हणून सांगितलं."

"मग?"

"मग लोकांनी तुम्हाला हात जोडले."

काका हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. ताईनं गाडीचं दार उघडलं, पायरीवर बसली आणि माईक नाही, गिटार नाही, काही नाही, तिथेच गायला लागली. मला हातांचं काय करावं ते सुचेना, म्हणून मी गाडीच्या पत्र्यावर हळू ठेका धरला. पहिलं कडवं झालं, बस कोपऱ्यावर थांबली. दुसरं झालं, डबा धुऊन झाला, नळ बारीकच होता. मग ती थांबली. मी दोन आवर्तनं वाजवून वाट पाहिली आणि हात काढून घेतला.

"तिसरं?" काकांनी विचारलं.

"तिसरं अजून लिहिलं नाही, बाबा."

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मग सावकाश लिही," ते म्हणाले. "घाई नाही."