इंजिन परत पाठवणारा माणूस

माझी मुलगी गाडी पळवते. मातीच्या ट्रॅकवर, हेल्मेट घालून, शर्यतीत. मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात हे कुणाला सांगितलं की लोक आधी 'अरे वा' म्हणतात आणि लगेच तिच्या लग्नाचं विचारतात. लग्नाचं तिचं ती बघेल. मला घोर होता तो इंजिनाचा.

कारण मागच्या वर्षी ऐन शर्यतीत तिच्या इंजिनातला रॉड तुटला. रॉड म्हणजे पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा दांडा. तो इंजिन फोडून बाहेर आला, ऑइल चाकांवर सांडलं, गाडी घसरून उलटली. पोरीचं खांद्याच्या हाडावर निभावलं. हे म्हणाले, बास झालं, गाडी भंगारात घाला. ती मात्र हात गळ्यात बांधून दारात झाकून ठेवलेल्या गाडीत जाऊन बसायची, जेवायला हाक मारली तरी उठायची नाही. ते मला बघवेना. मी सांगून टाकलं, पोरगी गाडी चालवणार, पण या खेपेला इंजिन कुणी करायचं ते मी ठरवणार.

हे हसले. हसू देत की! इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही, हे कबूल. पण माझं माहेर कबनूरचं, घरात यंत्रमाग. माग दुरुस्त करणारे जॉबर मी परकर-पोलक्यात असल्यापासून बघितलेत. मागाला हात लावायच्या आधीच जो 'झालं म्हणून समजा' म्हणायचा, त्याला माझे वडील चहा पाजून वाटेला लावायचे.

त्याच मॉडेलचं एक जुनं इंजिन मिळालं होतं. ते शर्यतीसाठी नव्यानं बांधून घ्यायचं होतं. यांच्या फोनवर सल्ल्यांचा नुसता पाऊस. एक म्हणे हलके पिस्टन घाला, दुसरा म्हणे हेड घासून घ्या, तिसरा म्हणे हेडला हातच लावू नका. एका गृहस्थानं तर फोटो बघूनच निदान केलं. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण हे काही पचेना. शेवटी इंजिन घरच्या गाडीच्या डिकीत घातलं आणि आम्ही तिघं उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत गेलो.

पहिल्या दुकानात इंजिन अजून डिकीतच होतं, तोवर मालक म्हणाला, "होतंय की वैनी, परवा घेऊन जावा." दुसऱ्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. यांना पावणं पावणं करत, कुठलं गाव, कोण सोयरे विचारत त्यानं लांबचं नातं काढलं आणि घरचंच काम समजून करतो म्हणाला. घरचं म्हणून करू नको बाबा, नीट कर, असं अगदी ओठावर आलेलं. तिसऱ्याकडं तेच. पोरगी म्हणायला लागली, आई, तू सगळ्यांशी भांडतेस. भांडत नव्हते. मला धडकी भरली होती, आणि धडकी भरली की माझा आवाज चढतो.

घरी येऊन मी कबनूरला भावाला फोन लावला. तो म्हणाला, "चांगला कोण हाय असं विचारू नको. काम परत पाठवणारा कोण हाय, ते विचार."

दुसऱ्या दिवशी तेच विचारत फिरले, आणि काय सांगू, जो तो एकाच माणसाला शिव्या घालायला लागला. मागच्या गल्लीतला होय? डोक्यावर पडलाय तो. गिऱ्हाइकाच्या अंगावर येतोय, मापात बसलं नाही की काम तसंच परत. एकजण तर पोटतिडकीनं म्हणाला, वैनी, काय बी करा पण त्याच्याकडं जाऊ नका. मी त्यालाच त्याचा पत्ता विचारला.

हा माणूस माझ्याच वयाचा, धिप्पाड, आवाज गल्लीभर. इंजिनिअरिंग शिकलेला, आणि ते दर दोन वाक्यांना सांगणारा. आत माप घ्यायची एसीची खोली होती. आधी आमच्या चपला बाहेर काढायला लावल्या, मागच्या वर्षी काय झालं ते ऐकून घेतलं. मग इंजिनाला हात लावून बघितला आणि म्हणाला, उन्हातनं आलंय, तापलेलं लोखंड खरं माप देत न्हाय. आज ठेवून जावा, उद्या खोलून बघतो. होतंय म्हणाला नाही, होत नाही असंही म्हणाला नाही. मला एवढं बरं वाटलं की तिथंच बसून रडले असते.

दुसऱ्या दिवशी गेलो तर इंजिन सुटं करून धुऊन ठेवलेलं. त्यानं चारही रॉड एकेक करून चुंबकाच्या यंत्रात धरले, त्यांच्यावर लोखंडाची पूड घातलेलं पाणी ओतलं, खोलीत अंधार करून जांभळा दिवा लावला. तीन रॉड कोरे. चौथ्यावर केसाएवढी रेघ चमकली. तडा गेला होता, पूड त्यात अडकली होती.

मी विचारलं, "हा तसाच बसवला असता तर?"

तो म्हणाला, "मागच्या टायमाला काय झालतं, ते तुम्हाला म्हाईत हाय की."

 चारही रॉड नवे मागवायचे, ते यायला वेळ लागणार आणि येत्या रविवारची शर्यत विसरायची, असं त्यानं सांगितलं. पोरगी उसळली. सगळा सीझन वाया जाईल, दुसरीकडं परवा करून देतात, म्हणाली. मी काही बोलायच्या आत त्यानं तो रॉड तिच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "जा घेऊन. बसवणाऱ्याला फक्त ही रेघ दाखव."

तिनं तो उलटापालटा करून बघितला.  मग टेबलावर ठेवला आणि त्याला विचारलं, नवे कधी येतील.

नवे आले, इंजिन बांधून झालं, तिची रविवारची शर्यत गेली आणि पुढची आली. ट्रॅक तोच, मागच्या वर्षीचा. बघायला आलेल्या पोरांनी कानांवर हात ठेवले होते. माझे कान मात्र तिच्या इंजिनाच्या आवाजाला चिकटलेले. आवाज चालू आहे तोवर माझी पोर धड आहे. मागच्या वेळी तो एकदम तुटला होता. यांनी डोळे मिटून घेतलेले. गाडी लांबच्या वळणावर धुळीत दिसेनाशी झाली, पण आवाज सरळ, एकसारखा चालला होता. ती शेवटची फेरी संपवून आत आली, तिनं इंजिन बंद केलं, आणि आवाज थांबल्याबरोबर मी धावतच सुटले.

ती हेल्मेट काढत होती. तोंडभर धूळ. कितवा नंबर आला ते तिलाही माहीत नव्हतं. म्हणाली, "आई, भूक लागलीय."

एक थोबाडीत ठेवून द्यावी असं वाटलं मला. तिचे हात धुळीनं माखलेले, म्हणून डबा उघडून मीच तिला भरवायला लागले.