सात नंबरचा उंदीर

त्या रविवारी दुपारी सगुणाच्या दारात पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, आत अंडी आणि कोंबडीचे तुकडे असं भरलेलं मडकं उपडं घालून त्याभोवती जाळ पेटवला होता. नणंदा आल्या होत्या, हसणं-खिदळणं चाललं होतं. सगुणाचं मात्र एका जागी बूड टिकत नव्हतं. उगाच पाण्याची कळशी भरून आण, भरलेली कळशी पुन्हा आत ठेव, अंगण एकदा झाडलेलं असताना परत झाड.

"बस की घटकाभर," नवरा बुधाजी म्हणाला. "काय हाय तुझ्या डोक्यात?"

"उंदीर हाय," सगुणा म्हणाली.

सगळे खो खो हसले. ती हसली नाही.

सगुणाचं गाव चौलच्या मागे, डोंगराच्या कुशीत. चार गुंठे भातखाचर, बुधाजीची कंपनीतली नोकरी. दोन लेकी सासरी गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा ती अलिबागच्या वाटेवरच्या विद्यापीठात सफाईच्या कामाला लागली. दोन वर्षांत तिला औषधशास्त्र विभागाच्या प्राणीघरात पाठवलं, कारण तिथे कुणी टिकत नव्हतं. वास यायचा, उंदीर चावायचे. सगुणा टिकली. जन्म गुराढोरांत गेलेला. मुक्या जिवाला हात कसा लावायचा हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, बाटल्या धुवायच्या, रोज प्रत्येकाचं वजन करून कार्डावर लिहायचं, हे तिचं काम. पांढऱ्या उंदराची लव विस्कटली, पाठ वाकली, डोळे बारीक झाले की याला दुखतंय, हे ती लांबूनच सांगे.

प्राणीघरातल्या पहिल्या वर्षी एक गोष्ट घडली होती. एका विद्यार्थ्याने सशाला फक्त मानेला धरून उचललं. मागचा भाग लोंबकळत राहिला. सगुणाला दिसत होतं की असं धरू नये, खालून हात द्यायला हवा. पण शिकलेल्या माणसाला आपण काय सांगायचं, म्हणून ती गप्प राहिली. सशाने जोरात लाथ झाडली आणि त्याचा कणाच मोडला. पुढे कितीतरी दिवस तिला जेवताना तो ससा दिसायचा. त्याच्यापेक्षाही आपलं मिटलेलं तोंड आठवायचं.

आता प्राणीघरात प्राप्तीचं काम चालू होतं. पनवेलची मुलगी, पीएचडी करणारी. निर्गुडीच्या अर्काने सांध्यांची सूज उतरते का, हे तिला पाहायचं होतं. त्यासाठी छत्तीस उंदरांच्या पायात रसायन टोचून सूज आणली होती. बारा उंदरांना निर्गुडी, बारांना बाजारातलं औषध आणि बारांना काहीच नाही. असं काही करायचं तर विद्यापीठाच्या प्राणी-नीती समितीची परवानगी लागते. किती प्राणी लागतील, त्याहून कमी का चालणार नाहीत, प्राण्यांशिवाय हे का जमणार नाही, दुखलं तर काय करणार, सगळं लिहून द्यावं लागतं. ते कागद इंग्रजीत. प्राप्तीनेच त्यातलं महत्त्वाचं मराठीत लिहून दारावर चिकटवलं होतं. "मावशी, तुम्हालाही कळायला हवं ना," असं म्हणून. त्यात होतं: वजन पाचव्या हिश्शाने घटलं किंवा जनावराला पाण्यापर्यंत पोचता येईना, तर त्याच दिवशी त्याला वेदनेशिवाय मोकळं करायचं, म्हणजे इंजेक्शनने मरण द्यायचं. खाली पशुवैद्य डॉ. प्रज्योत घरत यांचा नंबर.

सगुणाचा त्या पोरीवर जीव होता. जेवायच्या सुट्टीत दोघी व्हरांड्यात बसायच्या. सगुणा तिला 'बाय' म्हणायची, डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकट अर्धी तिच्यापुढे सरकवायची.

आदल्या दिवशी, शनिवारी, सात नंबरच्या उंदराचं वजन एकशे एक्याऐंशी ग्रॅम भरलं. हा काहीच औषध न मिळणाऱ्या बारांतला. सुरुवातीला दोनशे वीस होता. पाचवा हिस्सा घटला म्हणजे एकशे शहात्तर. अजून पाच ग्रॅम बाकी. पण तो मागचे पाय टेकत नव्हता, मान वर करून बाटलीला तोंड लावत नव्हता.

"बाय, ह्याला पानी घ्याला जमत न्हाय."

प्राप्तीने वाकून पाहिलं. तिने बाटलीची नळी खाली आणली, खाणं भिजवून भुशावरच ठेवलं. "आता पोचेल. मावशी, सोमवारी एकविसावा दिवस. सगळ्यांचं रक्त घ्यायचंय. एक कमी झाला तरी आकडे बिघडतात. दोनच दिवस."

"उद्या कोण बघल?"

"मी येणार होते, पण चुलतबहिणीचा साखरपुडा आहे. वॉचमन पाणी बघेल. मी सोमवारी सकाळी आठला हजर."

सगुणा मान हलवून घरी आली. रात्र कशीबशी काढली. सकाळपासून हात कामात आणि मन तिकडे. कागदावर 'रोज पाहणी' असंही लिहिलं होतं. त्यात रविवार सोडून, असं कुठे होतं?

मडकं उघडलं. वाफेबरोबर ओव्याचा वास अंगणभर पसरला. बुधाजीने तिच्यापुढे शेंगा ठेवल्या. तिने एक सोलली, तोंडाशी नेली आणि तशीच ठेवून उठली.

"मी जाऊन येतंय."

"आता? पाव्हणे हायत घरात!"

"पाव्हण्यांना तुमी वाढा," असं म्हणत तिने चपला पायात सरकवल्या. रस्त्यावर रेवदंड्याकडून येणारी रिक्षा मिळाली. रिक्षावाला प्रवाशांसाठी थांबायचा, तेव्हा तिच्या बोटांचा चाळा चालू व्हायचा.

सात नंबर कुशीवर पडला होता. भिजवलेलं खाणं वाळून गेलेलं. पाण्याची पातळी कालच्या खुणेवरच. वॉचमनने बाटली भरलेली आहे एवढं पाहिलं होतं. पितो की नाही हे कोण सांगणार? सगुणाने उंदराला दोन्ही तळव्यांत घेतलं. तो चावला नाही, धडपडला नाही. काट्यावर आकडा आला एकशे बहात्तर.

तिने प्राप्तीला फोन लावला. मागे सनई वाजत होती.

"बाय, सात नंबर पडलाय. एकशे बहात्तर."

प्राप्ती सनईपासून बाजूला गेली. "मावशी, ड्रॉपरने पाणी पाजा ना. उद्या सकाळीच येते मी. प्लीज."

"तुमीच लिवलंय दारावर, त्याच दिवशी."

"मला माहितीये काय लिहिलंय ते! एक रात्र, मावशी. माझं वर्ष जाईल."

सगुणाने फोन ठेवला. ती दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. पोरीचं वर्ष. शेतावर राबणाऱ्या बापाने कसं शिकवलं हे प्राप्तीने तिला सांगितलं होतं. आपल्या दोन्ही लेकी दहावीपुढे गेल्या नव्हत्या, हेही सगुणा विसरली नव्हती. पिंजऱ्यातल्या त्या जिवाच्या बरगड्या भराभर वरखाली होत होत्या. तिने दारावरचा नंबर बोट ठेवून एकेक आकडा लावला.

डॉ. घरत अलिबागहून मोटरसायकलवर अर्ध्या तासात आले. त्यांनी उंदीर तपासला, इंजेक्शन भरलं. सगुणाने त्याला धरलं. थोड्या वेळाने श्वास थांबला. मग डॉक्टरांनी बाकीचे पिंजरे पाहिले आणि कालपर्यंत बऱ्या दिसणाऱ्या आणखी दोघांचीही तीच गत आहे म्हणाले. त्यांनाही इंजेक्शन दिलं. जे पाहिलं ते लिहिलं, खाली सही केली.

सोमवारी प्राप्तीच्या मार्गदर्शक मृणाल मॅडमनी सगुणाला बोलावलं. "मला आधी का नाही कळवलं? बाहेरच्या बाहेर डॉक्टर?"

"तुमचा नंबर कागदावर न्हवता, मॅडम," सगुणा म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती, खरंच नव्हता.

समितीने प्रयोग थांबवला. रविवारी पाहणी झाली नाही, वेदना दिसत असून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहिली, असा शेरा पडला. प्राप्तीचं एक सत्र गेलं. ती व्हरांड्यात यायची बंद झाली. समोर आली की मोबाइलमध्ये बघायची. सगुणा डबा घेऊन बसायची आणि न खाता झाकण लावायची. आपण बरोबर केलं हे तिला ठाऊक होतं, पण त्याने घास उतरत नव्हता. ऐन वालाच्या काढणीतही ती मध्येच काम सोडून बांधावर येरझारा घाली. "नोकरी सोड मग," बुधाजी वैतागून म्हणाला. "सोडली तर तिकडं कोण बघल?" ती उलट म्हणाली.

दोन महिन्यांनी समितीच्या बैठकीला तिला बोलावलं. गोल टेबल, नऊ माणसं. अध्यक्षांनी विचारलं, "तुम्हाला काय बदलावंसं वाटतं?" "भुसा जाड घाला," सगुणा म्हणाली. "सुजल्या पायाला खालचं टोचतं. बाटल्या पहिल्या दिवसापासून खाली लावा, लंगडा झाल्यावर न्हाय. आनि रविवारी मी येईन, त्याबदली सोमवारी सुट्टी द्या." डॉक्टरांनी उंदरांना सौम्य वेदनाशामक द्यावं असं सुचवलं. प्राप्तीने नवा आराखडा दिला, त्यात उंदीर छत्तीसऐवजी चोवीस होते. ते कसे पुरतील, याचं गणित तिने स्वतः करून आणलं होतं.

दुसरा प्रयोग अठ्ठावीस दिवस पार पडला. मध्ये एकाचं वजन उतरलं, तेव्हा प्राप्तीनेच डॉक्टरांना फोन केला.

शेवटच्या दिवशी बाकीच्या तेवीसांनाही मोकळं करायचं होतं. सांधे कापून तपासायचे होते. नियमाने वागलं तरी शेवट तोच, हे सगुणाला पहिल्यापासून माहीत होतं. डॉक्टर इंजेक्शन देत होते आणि प्राप्ती एकेक धरत होती. चौथ्याला तिने हात मागे घेतले.

"मावशी, तुम्ही धरा. तुमच्या हातात ते शांत राहतात."

सगुणा पुढे झाली. उरलेले सगळे तिने धरले. कुणाची घाई केली नाही.

हात धुताना प्राप्ती शेजारच्या नळाशी उभी राहिली. "मी त्या दिवशी यायला हवं होतं," ती खाली बघत म्हणाली.

"व्हय," सगुणा म्हणाली. तिने पोरीची समजूत काढली नाही.

मग ती रिकामे पिंजरे धुवायला घेऊन गेली. आठवड्याने दुसऱ्या विभागाचे ससे येणार होते आणि त्यांना उचलणारी मुलं नवी होती. सशाला कसं धरायचं, हे ती मनात जुळवू लागली. या वेळी पहिल्याच दिवशी, सगळ्यांच्या आधी तीच बोलणार होती.