डोक्याला तेल लावून येऊ नये

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे आईच्या डॉक्टरांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. मी बीएससीला आहे, रसायनशास्त्र घेऊन. पण आमच्या घरी विज्ञान म्हणजे सगळंच विज्ञान.

आई हळूहळू बोलायची थांबली. भांडण नव्हतं, ताप नव्हता. स्टील प्लांटच्या मरोदा कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये खिडकीजवळच्या खाटेवर ती नुसती बसून राहायची. कॅम्प-1 वस्तीतली मावशी म्हणाली, नजर लागली असेल. आमच्या घरी नजर, भूत, साडेसाती मानत नाहीत, त्यामुळे लोकांना सांगायला आमच्याजवळ काही कारणच उरलं नाही. दर पौर्णिमेला बुद्धविहारात सगळ्यांच्या आधी पोचणारी आई जायची बंद झाली. केसांना तेल लावणंही सुटलं. मला हे जास्त लागलं. तेल न लावता बाहेर पडायचं ते घरी कोणी वारलं असेल तरच, असं ती मानायची. मला तिनं कोरड्या केसांनी शाळेत कधी जाऊ दिलं नव्हतं.

औषधांनी थोडा फरक पडला आणि मग तिथंच थांबला. तेव्हा डॉक्टरांनी औषधांच्या जोडीला आणखी एक उपचार सुचवला. कपाळावर दोन ओले स्पंज ठेवून अगदी हलका करंट सोडायचा. त्यानंतर डोक्यावर तारांची टोपी घालून मेंदूच्या लहरी मोजायच्या आणि त्या तिच्या तिलाच पडद्यावर दाखवायच्या, म्हणजे मेंदू स्वतःला सावरायला शिकतो. दोन्ही एकत्र केल्यानं जास्त गुण येतो का, याचा अभ्यास अजून चालू आहे, हेही त्यांनी सांगितलं. मी मान हलवली. मला निम्मं कळलं होतं.

बाबा प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन आहेत. करंटचं ऐकून ते म्हणाले, "जिंदगीभर लोकायले करंटपासून दूर ठेवून राहिलो, अन् आता घरच्या माणसाले लावून देऊ का?" डॉक्टरांनी करंटचा आकडा सांगितला. मग घरी येताना म्हणाले की एवढ्यात तर बल्बही लागत नाही, हिला काय होणार. म्हणजे शंका होतीच, फक्त उलट्या बाजूनं.

दवाखान्यात टोपी चढवणाऱ्या ताईनं एकच नियम सांगितला. केस धुतलेले हवेत, डोक्याला तेल लावून येऊ नये. नाही तर लहरी नीट पकडल्या जात नाहीत. आईच्या रखरखीत केसांवरून हात फिरवून ती म्हणाली, "आंटी, बस ऐसे ही चाहिए." आईच्या आजारातल्या कोणत्याही गोष्टीचं कौतुक झालं, असं ते पहिल्यांदाच.

पडद्यावर पाण्यातली एक नाव असायची. मेंदू हवा तसा चालला की नाव पुढं जायची, नाही तर उभी राहायची. पहिल्या दिवशी ती उभीच होती. मी परीक्षा देऊन देऊनच इथवर आले आहे, त्यामुळे मला राहवेना. मागून सांगत राहिले, आई लक्ष दे, आई जोर लाव. आईनं मान न वळवता विचारलं, "पेपर तुया आहे का माया?" बऱ्याच आठवड्यांत तिनं मला विचारलेला तो पहिला प्रश्न. ताईनं मला बाहेर बसवलं. मी गेल्यावर नाव हलली, असं नंतर कळलं.

पुढचे काही आठवडे असेच गेले. नाव कधी चालायची, कधी नाही. घरी आई एकदा म्हणाली की वरणात मीठ नाही. बाबांनी ते शेजारी जाऊन सांगितलं.

मग एका सकाळी मी ऑटो घेऊन दाराशी आले तर आई तयार होऊन उभी होती. पांढरी साडी, घट्ट अंबाडा, आणि केसांना इतकं तेल की कपाळ चमकत होतं. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. नियम आम्हा दोघांनाही पाठ होता. आम्ही ऑटोत बसलो.

ताईनं डोक्याला हात लावला आणि तो टॉवेलला पुसला. थोडा प्रयत्न करून तिनं डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर हिंदी बोलणारे, इथल्या बहुतेकांसारखे. तेल कोणी लावलं, असं त्यांनी मला विचारलं. आईनं मराठीत उत्तर दिलं, "मीच लावलं. आज पुनव आहे, विहारात जायचं आहे. मंग तिथं का अशीच जाऊ?"

हे हिंदीत सांगायचं काम माझं होतं. मी म्हणाले, उनको बाहर जाना है. वाक्य लहान होतं, तरी मला ते दोनदा सांगावं लागलं.

डॉक्टर म्हणाले, आज नाही होणार, पुढच्या वेळी केस धुऊन या. उपचार संपलेला नाही, हेही त्यांनी बजावलं. ते खरंच आहे; तो अजून चालू आहे, आणि करंटनं झालं, नावेनं झालं की औषधांनी, हे मला सांगता येणार नाही.

परतताना ऑटोत आई माझ्या डोक्याकडं बघत होती.

"तुये केस पाय," ती म्हणाली. "कोणी मेलं का आपल्या घरी?"

मी म्हटलं, परीक्षा आहे, वेळ मिळत नाही. घरी पोचल्यावर तिनं मला पायरीवर बसवलं आणि तेलाची बाटली आणली. बाबा घड्याळ बघत दाराशी उभे होते.

त्या पौर्णिमेला आम्ही विहारात उशिरा पोचलो.