मतासाठी धरलेला उपास

माझा भाऊ शांतवनदादा इथं अमेरिकेत, चँडलर गावात बस चालवायचा. सिटिझन झाला, यंदा पहिलंच मत द्यायचं होतं त्याला. म्हणायचा, "एका उमेदवाराला पोटातलं लेकरू नको, दुसऱ्याला दारातला परका नको. येशूसमोर कोणाचं नाव घेऊ?"

आमच्या ख्रिस्ती घरांत असं अडलं की उपास धरून प्रार्थना करतात. मी म्हटलं, "तुला शुगर आहे. जेवलेल्या माणसाचं देव ऐकत नाही होय?"

हसला. "ऐकतो गं, पण जेवलेला माणूस झोपतो."

इन्सुलिन घेतलं आणि जेवलाच नाही. साखर उतरून किचनमध्ये पडला तो गेलाच.

काल चर्चचे पाळक आले, विचारलं, कोणाला मत द्यायचं ते त्याचं ठरलं होतं का? नाही म्हटलं. देव त्याच्याशी बोललाच नाही. का नाही बोललास, मी रोज देवाला विचारते. माझ्याशीपण बोलत नाही.