प्लग नसलेला कॅमेरा

रत्नागिरीत मी ऑफिसांतून आणि दवाखान्यांतून कॉम्प्युटरच्या केबली टाकत असे. कुणी इलेक्ट्रिशियननं लाइटची वायर आणि माझी केबल एकाच पट्टीतून ओढली की माझं टाळकं सटकायचं. "अरे मेल्या, डेटा जातो त्यातून! त्याच्या जवळ करंट कशाला आणतोस?" असा मी भर ऑफिसात ओरडायचो. दहा वर्षं हेच ओरडत आलो होतो.

आणि दोन हजार पाचच्या सुमाराला लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर लावायला मागवलेला कॅमेरा माझ्याकडे आला, तर त्याला प्लगच नाही. खोका उलटा करून झटकला. पुरवठादाराला फोन लावून चार शब्द सुनावले. तो आपला हसतोय. "सोबत एक काळा डबा आलाय ना, तो कॉम्प्युटरच्या बाजूला लावा. करंट केबलीतूनच जाईल."

मी म्हटलं, काहीतरीच! तरी घरी टेबलावर जोडून बघितलं. एका टोकाला डबा, दुसऱ्या टोकाला कॅमेरा, मधे करंगळीहून बारीक केबल. कॅमेऱ्याचा दिवा लागला आणि समोर कॉम्प्युटरवर आमचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. मी केबलीला हात लावून बघितला. गार. अठ्ठेचाळीस व्होल्ट त्यातून तिकडे चाललेत, त्याच वेळी चित्र इकडे येतंय, आणि कुणाचा कुणाला धक्का नाही. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू!

सोबतचा कागद वाचला तेव्हा तर थक्कच झालो. तो डबा सरळ करंट सोडत नाही. आधी अगदी जरासा पाठवून बघतो, पलीकडे घेणारा कुणी आहे का. ठरलेलं उत्तर आलं तरच पुरा देतो. मी मुद्दाम दुसऱ्या टोकाला माझा साधा कॉम्प्युटर लावला, तर डबा नुसता दिवा लुकलुकवत बसला. एवढी समज आमच्या अर्ध्या वायरमनांना नव्हती. बायकोला तीनदा बोलावून दाखवलं. सातवा महिना चालू होता तिला, पाय सुजलेले. ती म्हणाली, "बघितलं हो, आता जेवायला बसा."

त्याच आठवड्यात तिचं ब्लड प्रेशर भयंकर वाढलं. घाईघाईनं ऑपरेशन करावं लागलं. मुलगा झाला, दीड किलोचा. त्याला वरच्या मजल्यावर नवजात बाळांच्या खोलीत नेऊन काचेच्या पेटीत ठेवलं. बायको खालच्या वॉर्डात. प्रेशरमुळे तिला फिट येईल म्हणून डॉक्टरांनी बिछान्यातून उठायलाच बंदी केली होती. लिफ्ट नव्हती, आणि बाळाला खाली आणायचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी शुद्ध नीट आल्यावर तिनं विचारलं, बाळ कुठाय? मी म्हटलं, वर आहे, काचेच्या पेटीत आहे, छान आहे. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

तिचं माहेर मंडणगडकडे. तिथं बाळंतिणीला वाईट बातमी म्हणून सांगत नाहीत, अंगावर दूध असतं, ती खचेल म्हणून. तिच्या थोरल्या बहिणीला सगळ्या घरानं मिळून आठ दिवस हेच सांगितलं होतं: बाळ काचेच्या पेटीत आहे, छान आहे. पेटी नव्हती आणि बाळही नव्हतं. त्या आठ दिवसांत खोटं बोलणाऱ्यांत माझी बायकोही होती, तेव्हा आता तिला कोण फसवणार? मी देवाशपथ सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं. डॉक्टरांच्या डिजिटल कॅमेऱ्यावर मी बाळाचा फोटो काढून आणला. तिनं तो नीट बघितला आणि म्हणाली, "हा कालचा असेल."

तिसऱ्या दिवशी ती पाण्याचा घोटही घेईना. ब्लड प्रेशर उतरेना. डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, "औषधं आपलं काम करतायत, पण त्यांनी धीर सोडलाय. असंच राहिलं तर मला काळजी वाटते."

मी तडक घरी जाऊन लोट्याचा कॅमेरा आणि तो डबा उचलून आणला.

वरच्या खोलीच्या सिस्टर म्हणजे जमदग्नी. "या खोलीत एक पण प्लग देणार नाही! सगळ्या पॉइंटांवर बाळांची मशिनं आहेत. एक्स्टेन्शन बोर्ड आणलात तर खिडकीतून फेकीन." मी म्हटलं, सिस्टर, याला प्लग लागतच नाही. त्यांनी कॅमेरा उलटासुलटा करून बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "लावा तर."

दवाखान्यात केबली मीच टाकलेल्या. त्या खोलीच्या दाराशी भिंतीत कॉम्प्युटरचा एक पॉइंट होता, त्याची केबल जिन्याखालच्या कपाटात उतरत होती. कॅमेरा सिस्टरांनी पेटीसमोर स्टँडला बांधला आणि वायर पॉइंटात खोचली. मी खाली कपाटात डबा लावला आणि वॉर्डातला पॉइंटही तिथंच जोडला. औषधांच्या ट्रॉलीवर कॉम्प्युटर चढवून बायकोच्या बिछान्याशी ढकलत नेला. ती म्हणाली, "हे काय आणि?" मी म्हटलं, बघच तू.

काहीच दिसेना.

कपाटाशी जाऊन बघतो तर डबा दिवा लुकलुकवतोय. काढला, परत लावला. तेच. माझ्या तोंडून नको नको ते शब्द गेले. डबा आपटणारच होतो, तेवढ्यात मावशी, म्हणजे वॉर्डातल्या आयाबाई, म्हणाल्या, "वर तरी विचारा, दिवा लागला का." काउंटरवरचा इंटरकॉम उचलून मी वर लावला.

"सिस्टर, कॅमेऱ्याचा दिवा लागला का?"

"नाही लागला."

"बघा ना नीट!"

"अहो, डोळे आहेत मला. नाही लागला."

फोन ठेवणार, तेवढ्यात त्याच्या वायरीकडे लक्ष गेलं. हा फोन कुठल्या वायरीवरून चालतोय? ती वायर मीच ओढली होती. जुनी इमारत, हातभर जाडीच्या चिऱ्याच्या भिंती. एक भोक पाडता पाडता ड्रिलची दोन बिटं मोडली होती. दुसरं भोक पाडायचा मला कंटाळा आला होता. केबलीत तारांच्या चार जोड्या असतात, पैकी दोनच कॉम्प्युटरला लागतात. मग निळी आणि तपकिरी जोडी दोन्ही टोकांना बाहेर काढून, निळी मी इंटरकॉमला दिली होती. एका केबलीत दोन कामं! डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली होती, आणि मी ती शक्कल साऱ्या रत्नागिरीत वापरली होती. त्या डब्याचा करंट नेमका त्याच दोन जोड्यांवरून जातो. तो बिचारा मघापासून पलीकडे कुणी आहे का बघत होता, आणि पलीकडे जाणारी वाट मीच मोडून ठेवली होती. त्या वाटेवर उभा राहून मी विचारत होतो, लागला का म्हणून. शहाणाच मी!

वर धावलो. सिस्टरांना सांगितलं, फोन तोडावा लागेल. त्या उसळल्याच. "बाळ निळं पडलं तर डॉक्टरांना हाक कशी मारू?" त्यांचं काय चुकलं? मी हात जोडले. "ती जेवत नाहीये हो. तिला वाटतंय आम्ही खोटं बोलतोय."

त्या दाराबाहेर आल्या. मग जिन्यावरून ओरडल्या, "मावशी, इथं जिन्यात उभ्या राहा! मी हाक मारली की डॉक्टरांच्या खोलीत धावायचं." आणि मला म्हणाल्या, "पंधरा मिनिटं. सोळावं नाही."

मी दाराशी उकिडवा बसलो. आठही तारा परत ओळीनं लावायच्या, नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. आयुष्यात हजारो वेळा केलेलं काम, तरी प्रत्येक तार दोनदा तपासून लावली. वरचं टोक झालं, धावत खाली येऊन खालचं केलं. डबा लावला. दिवा लुकलुकला. एकदा, दोनदा. मग स्थिर झाला आणि तसाच राहिला. मला रडूच फुटलं.

वॉर्डात आलो तेव्हा कॉम्प्युटरवर पेटी दिसत होती. आत नळ्या, टोपी, आणि टोपीखाली मुठीएवढं तोंड. बायको मान उचलून बघत होती. डोळे कोरडे.

"हे आत्ताचं आहे कशावरून?" ती म्हणाली. "सिस्टरना सांगा, त्याचा उजवा हात वर करा."

मी जिन्याकडे ओरडलो, "उजवा हात वर करा!" मावशी वर ओरडल्या, "अहो सिस्टर, उजवा हात!" पडद्यावर पांढऱ्या हातमोज्यातलं एक बोट आत आलं. त्यानं तो काडीसारखा हात उचलला. बाळानं ते बोट धरलं आणि पाय झाडला.

माझ्या धंद्यात मी पुढं केवढाली कामं बघितली, पण तेवढा चमत्कार कुठं बघितला नाही. माझा मुलगा आणि त्याची आई यांच्यामधे आठ बारीक तारा होत्या. वरच्या कॅमेऱ्याला जीव त्यांतूनच जात होता आणि बाळाचं पाय झाडणं त्यांतूनच खाली येत होतं.

बायकोनं पडद्याला हात लावला. मी म्हटलं, "बघ गो, अजून पाच मिनिटं आहेत आपल्याकडे. मग सिस्टरांचा तोडलेला फोन परत जोडायचाय."

तिनं एकदम माझा हात झटकला. "सिस्टरांचा फोन तोडून हे दाखवताय मला? आधी काढा ते, काढा आत्ता! वर त्याला काही झालं तर डॉक्टरांना बोलवणार कोण?"